कवडूभाऊला उठवायची काठी

आमच्या कूपावर, म्हणजे जंगलातल्या लाकूडतोडीच्या कॅम्पावर, संध्याकाळी वाघाचे किस्से निघायचे. एकानं सांगितला की चौघं आपापले घेऊन बसायचे. पण कवडूभाऊचा विषय निघाला, की सांगणारा आधी मागं वळून पाहायचा!

कवडूभाऊ चामोर्शीकडचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. ब्रह्मदेशातल्या लढाईतून धडधाकट परत आला, असं सगळे म्हणायचे. मी कूपावरचा हिशेब लिहिणारा मुनशी, जन्माचा भित्रा. मला वाटलं, चला, फौजी सोबतीला आला, आता काय भ्यायचं!

*

त्याच्या पहिल्याच दिवशी एक जुनं सागवान पाडलं. झाड धाडकन आदळलं आणि कवडूभाऊ मला घेऊन आडवा! माझ्या नाकात माती, डोक्यावर त्याचा हात. उठूच देईना.

"कवडूभाऊ, झाड होतं ना बाप्पा!"

"पह्यलं झाड होतं," तो कानात म्हणाला. "दुसरं काय येते, कोनाले ठाऊक?"

सगळे पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही. त्याचा हात अजून माझ्या डोक्यावरच होता.

*

उन्हाळ्यात कवडूभाऊच्या गावचं तळं आटत आलं की अख्खं गाव जाळी घेऊन एकदम पाण्यात उतरतं. त्या वर्षी मीही गेलो होतो. कवडूभाऊ मात्र खांद्यावर जाळं घेऊन पाळीवरच, तळ्याच्या बांधावर, उभा.

"उतरा ना! लोकं पाहून राह्यले," त्याची बायको पार्बताबाई म्हणाली.

"पान्यात मानसं हायेत."

"हाओ, आपल्याच गावचे!"

"ते नाई. खालचे."

अख्खं गाव एका दमात बाहेर! माझं एक जाळं आजही त्या तळ्यात आहे. आणायला कोण जाणार?

*

पार्बताबाईनं मला आधीच बजावलं होतं, "मुनशीभाऊ, झोपेत त्याईले हात नोका लावू."

नव्या नाकेदाराला, म्हणजे जंगलखात्याच्या शिपायाला, हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं दुपारी झोपलेल्या कवडूभाऊचा खांदा हलवला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नाकेदार खाली, छातीवर कवडूभाऊचा गुडघा आणि गळ्यावर दोन्ही हात! आम्ही चौघांनी ओढलं तेव्हा सुटला. जाग आल्यावर कवडूभाऊ लहान पोरासारखा रडला. नाकेदार बिचारा त्यालाच समजावत बसला, "जाऊ दे भाऊ, श्वास चालू हाये माहा!"

तेव्हापासून कूपावर एक लांब बांबू आला. दूर उभं राहायचं आणि त्याच्या तळपायाला टोचायचं. घरीही तसाच एक बांबू होता. घरी तर तो झोपला की पार्बताबाई सुमीला, त्यांच्या नुकत्याच चालायला लागलेल्या पोरीला, लुगड्याच्या तुकड्यानं खांबाला बांधून ठेवायची.

"पोरगी हाये का वासरू?" मी एकदा थट्टा केली.

"वासरू असतं तर मोकळं सोडलं असतं," ती म्हणाली.

पुन्हा मी ती थट्टा केली नाही.

*

एकदा पार्बताबाई भात घेऊन कूपावर आली. कवडूभाऊ मोहाच्या झाडाखाली झोपला होता. तिनं सुमीला झोपडीच्या मेढीला बांधलं आणि माझ्याशी बोलत बसली.

पाहतो तर मेढीला नुसतं लुगडं! गाठ सुटलेली.

सुमी बापाच्या छातीवर पालथी झोपली होती. मूठ त्याच्या मिशीत.

पार्बताबाईनं बांबू उचलला आणि तशीच थांबली. टोचला तर तो उसळून उठणार, आणि वर पोरगी! कुऱ्हाडी थांबल्या.

मग मला दिसलं, कवडूभाऊचे डोळे उघडे होते. कपाळावरून घाम वाहत होता. दोन्ही हात बाजूला मातीत रुतवलेले.

"मी जागा हाओ," तो ओठ न हलवता म्हणाला.

"मंग घ्या ना तिले जवळ!" पार्बताबाई रडायलाच लागली.

"नाई," तो म्हणाला. "आधी दोघं जनं माह्ये हात धरा. मंग तिले उचला."