पोस्टरवरचं कुसुमचं नाव

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. लाजरी आहे, म्हणून? सगळे तसंच म्हणतात— लाजरी मुलगी! थुंकावंसं वाटतं त्या शब्दावर. त्याच्या आड मी किती काय लपवलंय.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात स्नेहसंमेलनाच्या नाटकाचं पोस्टर मी रंगवलं होतं. इंग्रजी शाळेतल्या ड्रॉइंगच्या मिसनं एक शिकवलं होतं— चित्रातला माणूस जिकडे पाहतो, बघणाऱ्याची नजर तिकडेच जाते. तेवढंच मला येत होतं. आणि त्याचं मी काय केलं?

नाटकात मुख्य काम कुसुमचं. माझ्याच बाकावर बसायची. तिच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. संमेलनाचे सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाव घालावंच लागेल. पण आडनाव डोळ्यांत भरायला नको. समजलं ना?"

समजलं. इतकं पटकन कसं समजलं मला? त्यांचा संताप येतोच— पण ते निदान बोलले तरी. मी नुसता ब्रश उचलला. चित्रातल्या नटीचा चेहरा उजवीकडे वळवला. तिचा हात प्रमुख पाहुण्यांच्या नावाकडे लांबवला, पदराची लाल रेघ तिथवर ओढत नेली. कुसुमचं नाव तिच्या पाठीमागे, खाली कोपऱ्यात— मातकट रंगावर मातकट अक्षरं. नाव होतं. दिसत नव्हतं. सगळे म्हणाले, काय सुरेख जमलंय! मी मान खाली घालून हसले.

प्रयोगाच्या दिवशी तिचे बाबा अकोटहून एसटीनं आले. पोस्टरसमोर उभे राहून वाचू लागले. नजर मी पाठवली होती तिथंच जायची. मग पुन्हा वरून सुरुवात. शेजारी मीच.

"बाई, आमच्या कुसुमचं नाव नाई दिसून राहिलं. लिवलंच नाई काय?"

एक बोट उचलायचं होतं— बस, एक बोट.

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले.

तेवढ्यात कुसुम आली. पोस्टर पाहिलं, क्षणभर थांबली, आणि नेमकं नावावर बोट ठेवलं. "हे काय बाबा! एवढं मोठ्ठं हाय, अन् तुमाले दिसून नाई राहिलं?"

एवढं मोठ्ठं, म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

"डोयेच गेले माहे," ते हसत म्हणाले. "आता चष्मा घ्या लागन."

त्यांचे डोळे शाबूत होते.