टेबलाखालची आई

“बाई, तो आवाज आला की तू काय करायचीस, ते जरा पाहुण्यांना करून दाखव.”

डॉक्टर माझ्या आईपेक्षा वयाने कितीतरी लहान. अंबरनाथच्या हॉलमध्ये भर माईकवरून तिला अगंतुगं करत होता. समोर परदेशी कंपनीचे पाहुणे. वेडावरच्या नव्या औषधाच्या संशोधनाला तेच पैसे देणार होते. ते औषध डॉक्टरने आईला देऊन पाहिलं होतं आणि लागू पडलं होतं, हे खरं. कानातले आवाज थांबले होते. शिरगावच्या घरात ती पुन्हा भाकऱ्या थापू लागली होती, शेजारणींशी भांडूही लागली होती.

कार्यक्रम आहे, आईला घेऊन ये, एवढंच त्याने मला सांगितलं होतं. आमच्यात कार्यक्रमाला बोलावलं म्हणजे मान. आईने लग्नातला शालू काढला. पाहुण्यांत एक मडम आहे कळल्यावर तिची ओटी भरायला नारळ, खण, तांदूळ पिशवीत घेतले. तिच्यामुळे मी बरी झाले, म्हणाली; तिची तशीच समजूत होती. डॉक्टर दारातच चिडला. “एवढी नटून आलीस? अशाने पेशंट कशी वाटणार?”

आता आईने माझ्याकडे पाहिलं. मग कानांवर हात दाबले, पदर दातांत धरला आणि शालू सावरत टेबलाखाली शिरली. घरी खाटेखाली शिरायची तशी. पाहुणे माना डोलावत होते. एकाने फोटो काढला. तो नीट आला नसावा.

“अजून एकदा,” डॉक्टर म्हणाला.

मी उठले. कॅम्प तीन या भागात जीन्सच्या कारखान्यात काज-बटण करणारी पोरगी मी, शेटसमोरही माझा आवाज फुटत नसे. आईला हाताला धरून बाहेर काढलं आणि डॉक्टरला म्हणाले, “आता तुम्ही करून दाखवा.”

नारळ तसाच घरी आला. डॉक्टरला पैसे मिळाले आणि आईचं औषध बंद झालं. सहकार्य न करणाऱ्यांना संशोधनात जागा नाही, असा कंपाउंडरकडून निरोप आला. ते औषध बाजारात कुठेच मिळत नव्हतं. थोड्याच दिवसांत आई पुन्हा खाटेखाली गेली. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. मी हाक मारली तर मलाच घाबरायची.

औषधाशी माझं वैर नाही. नवी औषधं निघायलाच हवीत, त्याला पैसाही लागतो. माझं वैर त्या माणसाशी आहे.

तो पुढच्या संशोधनासाठी पैसे मागायला त्याच हॉलमध्ये उभा राहिला, तेव्हा मी आईचा शालू नेसून पहिल्या रांगेत जाऊन बसले. या वेळचे पाहुणे इथलेच होते. कारखान्यात शिकलेल्या हिंदीत त्यांना सांगितलं, “मेरी माँ ठीक हो गई थी. इसने दवा बंद किया. अभी वो खटिया के नीचे है.” पाहुणे चहा न घेताच उठले. त्याचं उतरलेलं तोंड पाहून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

तो आणखी कुठे हात पसरेल. पसरू दे. तिथेही मी शालू नेसून जाईन. आईचं औषध सुरू केल्याशिवाय त्याला दमडी मिळू देणार नाही. आणि सुरू केलं तरी सोडणार नाही. आधी त्याला सगळ्यांसमोर टेबलाखाली जावं लागेल.