नऊ स्क्रूंचा मदरबोर्ड

जगातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी माणसाच्या अंगावर पडणारच, या एका श्रद्धेवर आमच्या दाजींनी सारे आयुष्य काढले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. नोकरी कोयनानगरच्या वर्कशॉपात, फिटरची. तिथे जमीन अधूनमधून हलायची, म्हणून कपाट भिंतीला आवळायची सवय सगळ्यांनाच होती. निवृत्तीनंतर बाकीच्यांची सुटली. साताऱ्यात घर केल्यावर दाजींची वाढली. त्यांचे घड्याळ चार स्क्रूंनी भिंतीत बसवलेले आहे, त्यामुळे सेल संपला की ते महिनाभर बंद असते. डब्यांच्या फळीला तारेचे कुंपण आहे, आणि चहाची साखर काढायला अक्काला पक्कड लागते. दुसऱ्याकडे गेले तरी आधी खाट फळीखालून ओढून घेतात, मग पाणी मागतात.

‘दाजी, सांगलीत कुठला भूकंप?’ माझ्या घरी ते खाट ओढत असताना मी एकदा म्हणालो.

‘आवं पाव्हणं, जमिनीला काय ठाव, सांगली कुटं लागती?’

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कॉम्प्युटर जुळवायला घेतला. हौस माझी नव्हती. माझी बायको गेल्यापासून मुलगा सुट्टीतही पुण्याच्या होस्टेलवरच थांबायचा. ‘गेम चालतील असं मशीन घरी असेल तर दिवाळीला दहा दिवस राहीन,’ असे तो फोनवर म्हणाला. मी तिथेच वहीत यादी केली. पहिला मदरबोर्ड, आणि त्यापुढे त्याची अट: गेमच्या कार्डासाठी वेगळा स्लॉट हवाच. कार्ड तो स्वतः आणणार होता. अटीखाली मी दोन रेघा मारल्या.

खरेदीच्या दिवशी दाजी साताऱ्याहून एसटीने, न बोलावता, स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर. दुकानदाराने दोन बोर्ड काढले. एक नवा, आखूड, स्क्रूंच्या सहा भोकांचा, स्लॉट असलेला. दुसरा जुना, ताटाएवढा, नऊ भोकांचा. दाजींनी दोन्हींची भोके दोनदा मोजली.

‘ह्यो घ्या. नऊ स्क्रू. इमारत पडंल, पर ह्यो न्हाई हालायचा.’

‘काका, यात गेमचं कार्ड नाही बसणार,’ दुकानदार म्हणाला.

‘मग बिनकार्डाचं खेळंल की. आमी इटीदांडू कुटलं कार्ड लावून खेळलो रं?’

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. वही माझ्या हातात उघडी होती. पण बहिणीच्या नवऱ्याला चारचौघांत खोटे पाडायचे नाही, हे आमच्याकडे कुठल्या यादीत लिहावे लागत नाही. मी नऊ भोकांचा घेतला.

दिवाळीत मुलगा आला. त्याने मी जुळवलेल्या मशीनचे झाकण उघडून पाहिले आणि कार्ड परत पिशवीत ठेवले. तिसऱ्या दिवशी ‘सबमिशन आहे’ म्हणून निघून गेला. भाऊबीजेला अक्काबरोबर आलेल्या दाजींनी मशीन दोन्ही हातांनी गदागदा हलवले आणि म्हणाले, ‘बगा, बोर्डाची काय बिशाद हाय हालायची!’ ओवाळून घेताना मी अक्काच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही.

मुलगा आता फोन करतो, येत नाही. दाजी मात्र महिन्यातून एकदा येतात, स्क्रू आवळायला म्हणून. मग आम्ही दोघे मशीनवर पत्ते मांडून बसतो. माऊस त्यांच्या हातात, लाल सत्ती कुठे लावायची ते मी सांगतो. त्या बोर्डाने माझे काय नेले, हे त्यांना सांगायचे असे मी वहीत तीनदा लिहिले आणि तीनदा खोडले. सांगितले तर तेही यायचे थांबतील.