मौन तक्रारदार

तक्रारदार: अंजना सुदाम रोकडे, वय ५२, राहणार मांजर्ली, बदलापूर पश्चिम. व्हिडिओ सुनावणीस हजर; काही म्हणणे नाही. एवढ्या वर्णनावर विमा लोकपालांनी त्यांचा पुरात बुडालेल्या शिलाई मशीनचा दावा फेटाळला.

"आई, तू म्यूटवर होतीस," मुलगी वैष्णवी म्हणाली.

"मग विचारायचं ना! बाई दहा मिनिटं ओठ हलवतेय, ती काय च्युइंगम चघळतेय?"

वकिलांनी हाच मुद्दा जरा सभ्य भाषेत उच्च न्यायालयात मांडला. न्यायालयाने निर्णय रद्द केला आणि तक्रारदाराचे म्हणणे नव्याने ऐकण्याचा आदेश दिला. सुनावणी सोमवारी आहे, या वेळी समोरासमोर.

अंजनाताई दर पौर्णिमेला भरलेल्या बुद्धविहारात सगळ्यांकडून वंदना म्हणवून घेतात. त्यांना माईक लागत नाही.