खाऱ्या विहिरीतला बिननावाचा जीव

मिठात काम करणाऱ्या माणसाच्या हातावर मीठ चढतं, कपड्यांवर चढतं आणि थोडंफार बोलण्यातही चढतंच. बुलढाण्यातल्या आमच्या कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये नमुने जमले त्याहून जास्त किस्से जमले. नमुन्यांना निदान झाकण असतं.

आम्ही तिघं. विभागप्रमुख खेडकर सर, त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी करुणा आणि तासांमधून वेळ मिळेल तशी लुडबुड करणारी मी. करुणा देऊळघाटची. तिला एकच गोष्ट हवी होती. मिठाशिवाय जगूच न शकणारा, जगात अजून कुणी नाव न दिलेला एक जिवाणू शोधायचा आणि त्याला रीतसर नाव द्यायचं. तेवढ्यावरच तिचा प्रबंध उभा राहणार होता आणि नोंदणीची मुदत संपत चालली होती.

"नाव देईन तवाच थांबीन," असं तिनं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं.

*

सुरुवात अर्थातच लोणारपासून. परवानगी काढून आम्ही सरोवराचं पाणी कॅनमध्ये भरलं आणि एसटीत चढलो. कॅन पायाशी ठेवली.

कंडक्टरनं विचारलं, "काय हाय कॅनमंधी?"

"सरोवराचं पाणी," करुणा म्हणाली.

"देवाचं हाय का औषधाचं?"

"अभ्यासाचं."

"अभ्यासाचं हाय तं खाली काऊन ठेवलं? सीटवर ठेवा."

गाडी भरलेली. मेहकरपर्यंत कॅन बसून आली आणि सर उभ्यानं आले.

*

लोणारच्या पाण्यात जे जे सापडलं, त्याला आधीच कुणीतरी नाव देऊन ठेवलेलं.

"लोणारले सारं जग येते सर," करुणा म्हणाली. "जिथं कोणी येत नाही तिथं जाऊ."

म्हणून आम्ही वरवट बकालला गेलो, खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरींचं पाणी ना प्यायला, ना पिकाला. एका शेतकरीकाकांनी आपली पडीक विहीर दाखवली. काठावर पांढरी खपली धरलेली. घरातला पसारा पाहुण्यांना दिसावा तसे ते ओशाळले होते. "लय खराब पाणी हाय, ताई."

करुणानं खारेपणा मोजायचं मीटर बुडवलं, आकडा पाहिला आणि तिचा चेहरा खुलला. "लय चांगलं पाणी हाय, काका!"

काका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, पोरीले ऊन लागलं वाटते. सावलीत बसवा."

*

हे जीव वाढतात फार सावकाश. तोवर प्लेटमधलं खारट खाद्य वाळत जातं. एका सकाळी सरांना प्लेटवर पांढरे ठिपके दिसले. सरांनी करुणाची वाटही पाहिली नाही, थेट पेढे मागवले.

करुणा आली. तिनं प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली. ठिपके छान चौकोनी निघाले. मीठच होतं ते, वाळून खडे झालेलं. मिठावर काम करणाऱ्याशिवाय ही चूक कुणाला करताच येणार नाही.

सर पेढ्याच्या खोक्याकडे बघत बसले. "आता यांचं काय करायचं?"

"खाऊन घ्या सर. खरा सापडला की अजून मागवू."

*

खरा सापडला. फिकट नारिंगी, मोहरीपेक्षा लहान ठिपका. कौतुकानं आम्ही त्याच्या स्लाइड बी.एस्सी.च्या मुलांना करायला दिल्या. मुलांनी सवयीप्रमाणे त्या नळाखाली धरल्या. मिठात वाढलेला जीव साध्या पाण्यात फुगून फुटतो, त्यामुळे स्लाइडवर काही उरलंच नाही.

करुणा तापली. तिनं बेसिनवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला: "हे पाणी वापरू नका. जीव जातो."

दुपारी प्राचार्यांची फेरी झाली. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या टाकीचं पाणी तपासायला गेलं.

*

मग जुळणी. आपल्या जिवाणूची जनुकं आजवर नाव मिळालेल्या सगळ्यांशी ताडून बघायची. फार जुळली तर तो जुनाच, म्हणजे मेहनत पाण्यात. निकाल आला तेव्हा करुणाच्या आईचा फोन चालू होता. आईला एवढंच ठाऊक की आज त्या किड्याची जुळणी आहे.

"जुळलं का वं?"

"नाही जुळलं, आई! कोणाशीच नाही जुळलं!"

पलीकडून आई म्हणाली, "रडू नको बाई. दुसरा पाहू."

*

तरी नाव देता येईना. नियम असा की जिवाणू दोन देशांतल्या, जिवाणू जतन करणाऱ्या संग्रहांमध्ये जिवंत वाढला पाहिजे आणि त्यांनी तसं लिहून दिलं पाहिजे. आपल्याकडच्या संग्रहात तो वाढला. परदेशातून मेल आली: वाढला नाही. पुन्हा पाठवला. पुन्हा तेच उत्तर. मुदत तोंडावर. मी स्टाफरूममध्ये जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

करुणा रडली नाही. "मेला नाही तो," ती म्हणाली. "आपल्याकडं पण पहिले किती दिवस ढिम्म असते. त्यायनं वाट न पाहता फेकून देला."

तिनं तिसऱ्यांदा पार्सल बांधलं आणि सोबत इंग्रजीत पत्र लिहिलं. सरांनी वाचायला मागितलं तोवर ते गेलंही होतं. तिनं प्रत दाखवली. त्यात लिहिलं होतं: "आमच्या जिल्ह्यात पाहुणा जेवायला पहिल्यांदा नाहीच म्हणतो. दुसऱ्यांदाही नाहीच म्हणतो. त्यावरून त्याला भूक नाही असं आम्ही समजत नाही. कृपया आग्रह करावा."

सरांनी कपाळाला हात लावला. "ही काय शास्त्राची भाषा झाली?"

"नाही सर. पण खरं हाय."

बरेच दिवस काहीच आलं नाही. सर लॅबमध्ये आले की आधी तिच्या कॉम्प्युटरकडे बघायचे, मग तिच्याकडे बघायचं टाळायचे. ती मात्र नावाचं स्पेलिंग तपासत बसलेली असायची.

शेवटी परदेशातल्या संग्रहाची मेल आली. शिक्क्याचं प्रमाणपत्र आणि खाली तिथल्या बाईंनी आपल्या सहीवर लिहिलेली एक ओळ:

"आम्ही आग्रह केला. तो जेवला."