नांदायला जायच्या आधीची दोन वर्षं

माझं लग्न झालं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. नवरा पलटणीत शिपाई, गाव फलटणच्या बाजूचं. लग्नानंतर मी माहेरीच राहिले, इस्लामपूरपासून बैलगाडीच्या अंतरावरच्या आमच्या गावात. पोर जाणती झाली की न्यायचं, असं ठरलं होतं. दोन वर्षांनी चैत्रात सासरहून पोस्टकार्ड आलं. तुमच्या जावयाला दोन महिन्यांची रजा मिळाली आहे, पुढच्या गुरुवारी आम्ही सुनेला न्यायला येतो. माझ्या वडिलांनी, आबांनी, ते दोनदा वाचलं आणि आईच्या हातात दिलं. आईला वाचता येत नव्हतं, तरी ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

आमच्या घरात तेव्हा माझी आक्का होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. चौदाव्या वर्षी ती नांदायला गेली आणि पंधराव्या वर्षी तिचं पहिलं बाळंतपण आलं. तीन दिवस ती अडली होती. मूल मेलेलंच जन्मलं, आणि तेव्हापासून तिची लघवी थांबेना. सासरच्यांनी दोन महिने वाट बघितली आणि एक दिवस तिला आमच्या दारात आणून सोडलं. ती गोठ्याशेजारच्या पडवीत निजायची. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून आपली फडकी धुवायची, आणि पाहुणा आला की आत जाऊन बसायची. घरात याबद्दल कुणी बोलत नसे. तिच्या नशिबात होतं, एवढंच आई म्हणायची.

नशिबाचं काही नाही, हे पहिल्यांदा सांगितलं ते नर्सबाईंनी. त्या सरकारी उपकेंद्रात बदलून आल्या होत्या. पांढरं लुगडं, सायकल, आवाज जरासा करडा. आक्काला तपासून त्यांनी आईला सांगितलं, "हिच्या कमरेची हाडं अजून वाढायची होती. मुलाला वाट कुठनं मिळणार? मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन होतं याचं. मी घेऊन जाते." मग त्या माझ्याकडे वळल्या आणि माझं वय विचारलं. आईने मला पाण्याला पिटाळलं.

नर्सबाई शाळेच्या मागच्या खोलीत दुपारी शिवणवर्ग घ्यायच्या. मशीन एकच आणि आम्ही सहाजणी. शिवण म्हटलं की आया पोरींना सोडायच्या. दार लावलं की नर्सबाई पाटीवर चित्र काढून पाळीचं गणित सांगायच्या, मूल कसं राहतं ते सांगायच्या, ते लांबवता येतं हेही सांगायच्या. आम्ही कापडात तोंड घालायचो. "खाली बघू नका," त्या म्हणायच्या, "अंग तुमचं आहे, तुम्हांलाच ठाऊक नको?" अर्ज कसा भरायचा, एसटीची पाटी कशी वाचायची, मोठ्या माणसापुढं आवाज न चढवता आपलं म्हणणं कसं मांडायचं, हेसुद्धा तिथंच शिकलो.

इस्लामपूरला एक वर्षाचा शिवणकामाचा कोर्स होता. पास झालं की शिवण शिकवायची नोकरी मिळायची. पोस्टकार्ड आलं त्याच दुपारी नर्सबाईंनी माझा अर्ज भरला. वडिलांच्या सहीची जागा मोकळी होती. आबांनी कागद बाजूला सारला.

"मी शबूद दिलाय. लोकं थुकतील तोंडावर."

गुरुवारपर्यंत आम्ही रोज तालीम केली. नर्सबाई डोक्यावर पदर घेऊन सासू व्हायच्या आणि मला झापायच्या. मी न अडखळता बोलेपर्यंत सोडायच्या नाहीत. बुधवारी मी सगळं पाठ म्हणून दाखवलं.

गुरुवारी सकाळी सासूबाई आणि माझा नवरा आले. पाणी झालं, हवापाण्याचं बोलणं झालं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. आईने माझी पेटी भरून ठेवली होती. सासूबाई झापतील म्हणून माझी तयारी होती, पण त्या झापल्याच नाहीत. आईला मऊ आवाजात म्हणाल्या, "एकटीला घर खायला उठतंय ओ. पोरीला मी लेकीवानी ठेवीन."

पाठ केलेलं सगळं माझ्या डोक्यातून गेलं. तरी पाय पुढं पडले. मी बाहेरच्या सोप्यात जाऊन उभी राहिले. बायकांनी पुरुषांत असं येऊन उभं राहायची रीत नव्हती.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मला दोन वर्षं द्या. कोर्स करते. मग मी आपनहून येते."

"आवं पावणं, ही काय म्हनतीया?" सासूबाई आबांकडे वळल्या.

तेवढ्यात आक्का बाहेर आली. परक्यांसमोर ती दीड-दोन वर्षं आली नव्हती. खांबाला धरून उभी राहिली. तिच्या लुगड्याला येणारा वास सोप्यात पसरला, आणि तो सगळ्यांना कळतोय हे तिलाही कळत होतं.

"मी पंधराची हुते," ती म्हणाली. "पोर पोटातच मेलं. मला बी लेकीवानीच ठेवनार हुते."

आईने पदर तोंडात कोंबला. सासूबाईंचा चेहरा लाल झाला. "समद्यांचंच हुतंय का असं? मी बी पंधराचीच हुते. माझी पयली दोन गेली. म्हणून मी काय मेले? ह्यो तिसरा जगला न्हवं?"

माझ्या नवऱ्याने त्याच्या आईकडे मान वळवली.

"दोन?" तो म्हणाला. "माझ्या आदी दोन हुती? मला कवाच सांगितलं न्हाईस."

"सांगायचं काय त्यात," सासूबाई म्हणाल्या, पण आवाज उतरला होता.

तो उठून अंगणात गेला. मला वाटलं, आता संपलं. हा एसटी धरणार आणि दुसरी बायको करणार. बऱ्याच वेळाने तो उंबऱ्याशी आला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"कोर्स किती दिसांचा?"

"एक वरीस. मग नोकरीचं बघायचं."

"दोन वर्सांनी रजा घेऊन येतो," तो म्हणाला. मग आबांकडे बघून, "मामा, कागद कुठं हाय? सही करा. शबूद मला दिलावता तुमी. मी म्हनतोय थांबा."

आबांनी सही केली. सासूबाई न जेवता उठल्या. जाताना मला म्हणाल्या, "पोरगं बिघडवलंस माझं."

पुढची दोन वर्षं सोपी गेली नाहीत. दुसऱ्या लग्नाच्या बातम्या येत राहिल्या. एसटीत गावची माणसं मला ऐकू जाईल असं बोलायची. त्याची पत्रं यायची, चार ओळींची, तेवढ्यावर महिना काढायचा. आक्काचं पहिलं ऑपरेशन फसलं. दुसऱ्याच्या वेळी नर्सबाई तिच्यासोबत पंधरा दिवस राहिल्या, आणि ती कोरडी होऊन घरी आली. पुढं उपकेंद्रात मदतनीस म्हणून लागली. आमच्या वर्गातली सगळ्यांत लहान मुलगी मात्र त्याच उन्हाळ्यात नांदायला गेली आणि पहिल्याच बाळंतपणात वारली. नर्सबाईंनी त्या आठवड्यात वर्ग घेतला नाही. पुढच्या आठवड्यात आल्या, पाटी पुसली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

शब्द दिल्याप्रमाणे तो मला न्यायला आला. तेव्हा मी सतरा पुरी करून नोकरीच्या हुकमाची वाट बघत होते. तो हुकूम फलटणच्या नेमणुकीचाच आला. पहिलं मूल आम्ही दोघांनी ठरवून, मी एकविसाव्या वर्षात असताना होऊ दिलं. तोवर सासूबाईंनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. शेजारणीला मात्र सांगायच्या, सून मास्तरीण हाय.

माझ्या वर्गात बाया आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरी घेऊन यायच्या. पोरगी दारात उभी आणि आई विचारायची, "बाई, झंपर शिवायला किती दिस लागतील हिला? पावणं बघाय येनार हायती." हुशार पोर तीन महिन्यांत झंपर शिवते. मी पोरीचे हात हातात घेऊन बघितल्यासारखं करायची आणि म्हणायची, "हात कच्चा आहे अजून. दोन वर्षं तरी लागतील."