तेल ओतायचा कर्णा

आमच्या घरी तेल ओतायचं जे पितळी नरसाळं आहे, तो मुळात ग्रामोफोनचा कर्णा आहे. तोंड परातीएवढं, त्यामुळे तेल बाहेर सांडायची सोय नाही. घडवला मीच. हळहळही माझीच.

छत्तीस साली भाद्रपद अधिक आला. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं म्हणून लोक चांदीचं तबक देतात, निरांजन देतात. माझे सासरे सिन्नरहून मोटारीने आपला ग्रामोफोन घेऊन आले. (अनारशांचा डबा पायाशी, ग्रामोफोन मांडीवर. वाटेत डबा हरवला असता तरी त्यांना पत्ता लागला नसता!)

सासरे गाण्याचे वेडे, आणि वेडही जगावेगळं. नाव झालेल्या गवयाची तबकडी ते हातातसुद्धा धरत नसत. "नाव झाल्यावर कुणीही ऐकतो हो! नाव व्हायच्या आधी ऐकतो तो खरा!" असं म्हणत नाशकात आले की मेन रोडवरच्या दुकानात तासन्‌तास बसायचे आणि कुणी कधी न ऐकलेले गाणारे हुडकायचे. या खेपेलाही एक तबकडी आणली होती. कुणी नव्या बाई, त्यांची ही पहिलीच.

"वत्सले," ते माझ्या बायकोला म्हणाले, "ढीगभर ऐकल्या तेव्हा ही सापडली. खरी गंमत शेवटी आहे. मी सांगत नाही, तूच ऐक."

वत्सला बापाचीच लेक. लग्न होऊन आमच्या तांबट आळीत आल्यापासून बिचारीने हातोड्यांच्या ठणठणाटाशिवाय काही ऐकलं नव्हतं. तबकडी छातीशी धरून ती अशी हसली, की तसं हसू मी तोवर पाहिलंच नव्हतं.

आता शहाण्या माणसाने गप्प बसून किल्ली द्यावी की नाही? पण माझं लक्ष कर्ण्यावर! पत्र्याचा, काळा, एका अंगाने चेपलेला.

"मामा, तांबटाच्या घरात पत्र्याचा कर्णा? आळी तोंडात शेण घालील!"

"जावईबापू, आवाज झकास येतो यातून."

"दोन दिवस थांबा. पितळेचा करतो. गोदावरीपलीकडे ऐकू जाईल!"

"अहो, आधी एकदा ऐकू तरी द्या," वत्सला म्हणाली.

"नवं गाणं नव्या कर्ण्यातूनच!" मी म्हणालो. (हे वाक्य तेव्हा मला फार सुंदर वाटलं होतं.)

कर्णा झाला. झळझळीत! समोरचे जुन्या भांड्यांच्या मोडीचे व्यापारी याकूबभाई दारातून बघून म्हणाले, "भाऊ, हा कर्णा हाय का तोफ?" मी ते कौतुकात जमा केलं. मात्र ग्रामोफोन चौरंगावर मांडून कर्णा पेटीच्या मागच्या बाजूला बसवला, तर पेटीने पुढचे पायच उचलले! सगळं वजन मागे.

"पुढे काहीतरी ठेवा," सासरे म्हणाले.

"पाटा ठेवा," वत्सला म्हणाली.

"पाट्याने पॉलिश खरवडेल. वरवंटा दे!"

"अहो, वरवंटा गोल असतो. घरंगळेल!"

"वजनातलं मला शिकवू नकोस!"

वरवंटा पेटीच्या पुढच्या काठावर चढला. दारात आळी जमली. मी किल्ली दिली, सुई टेकवली आणि त्या बाईंचा आवाज निघाला. पितळ जरा झणझणत होतं, पण आवाज असा, की शेजारचे हातोडे आपोआप थांबले. याकूबभाई उंबऱ्यावरच बसले. वत्सलाने डोळे मिटून घेतले. गाणं निम्म्यावर आलं तसं सासऱ्यांनी बोट वर केलं. "आता ऐका हं! इथून शेवटापर्यंत!"

मी ऐकायला पुढे सरकलो आणि माझा गुडघा चौरंगाला लागला. वरवंटा घरंगळून माझ्याच पायावर पडला, मी बोंब ठोकली, कर्ण्याने पेटी उताणी पाडली आणि तबकडी फरशीवर! सरळ दोन तुकडे.

"असू द्या," सासरेच म्हणाले. "दुकानात दुसरी बघतो. नसली तर हे तुकडे डिंकाने जुळवू. खरखरेल, पण वाजेल."

बापलेक दुकानात गेले. दुकानदाराने त्या बाईंची एकच तबकडी मागवली होती, तीच आमच्या फरशीवर पडलेली! म्हणजे भिस्त सगळी तुकड्यांवर. आणि तुकड्यांपाशी कोण बसला होता? मी! तांबटाला वाटतं, जगात मोडलेलं सगळं तापवून जोडता येतं. मी शेगडी पेटवली.

ते परतले तेव्हा लाखेच्या तबकडीचा पापड झाला होता, कडेने वळलेला.

वत्सला भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त वडिलांना विचारलं, "दादा, शेवटी काय होतं हो?"

सासऱ्यांनी घसा खाकरला. "मला गाता येत नाही गं," ते म्हणाले. "मला ऐकताच येतं." त्या क्षणी वरवंटा पायाऐवजी डोक्यात पडला असता तरी चाललं असतं, असं मला वाटलं.

त्या बाईंची दुसरी तबकडी कधी आलीच नाही. सासरे शेवटपर्यंत दुकानं धुंडाळत राहिले. वत्सला मात्र ते गाणं अजून गुणगुणते, बहुधा तेल ओतताना, आणि नेमकी निम्म्यावर थांबते.

"आजी, पुढे?" नात विचारते.

"पुढे वरवंटा," वत्सला म्हणते, आणि मी मुकाट्याने कर्णा सरळ धरतो.